शांत विचार निवडायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

अहवाल पाठवून अर्धा तास झाल्यावर लक्षात येतं की तिसऱ्या पानावरचा एक आकडा चुकलाय. पोटात गोळा येतो, कान तापतात, छाती धडधडायला लागते. तोवर मनात एक वाक्य उमटून गेलेलं असतं: 'संपलं सगळं.' पुढचे दोन तास जे सोसावं लागतं त्यात चुकलेल्या आकड्याचा वाटा थोडा आणि या वाक्याचा मोठा. आकडा दुरुस्त करायला दहा मिनिटं पुरतात. वाक्यही दुरुस्त करता येतं, हे मात्र आपल्याला सहसा कुणी शिकवलेलं नसतं.

शांत विचार म्हटलं की अनेकांना गोड, आशावादी वाक्यं आठवतात. इथे अभिप्रेत आहे तो विचार वेगळा आहे. जे घडलं ते न लपवता सांगणारा, पण घडलं त्यापेक्षा एक शब्दही जास्त न सांगणारा, आणि पुढे काय करायचं तिकडे नेणारा. असा विचार सुचण्याची वाट बघत बसायचं नसतं. तो बसून, शब्द जुळवून तयार करावा लागतो. त्यासाठी कागद, पेन, दहा मिनिटं आणि पायऱ्यांचा योग्य क्रम लागतो. क्रम चुकला तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग होत नाही, म्हणून या लेखात क्रमाला सर्वात जास्त जागा दिली आहे.

ताण तयार कसा होतो

एखादी घटना समोर आली की मन झटपट दोन हिशेब मांडतं. यात माझं काय बिघडू शकतं, हा पहिला. ते निभावायला माझ्याजवळ काय आहे, हा दुसरा. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाची जी मांडणी केली ती याच दोन हिशेबांवर उभी आहे. पहिल्याचं उत्तर मोठं आणि दुसऱ्याचं तोकडं आलं की ताण जाणवतो. म्हणूनच एकाच घटनेचा दोन माणसांना सारखा ताण येत नाही; इतकंच काय, त्याच माणसाला पुरेशी झोप झालेल्या दिवशी आणि न झालेल्या दिवशीही सारखा येत नाही. विचार निवडणं म्हणजे या दोन्ही हिशेबांची फेरतपासणी करणं. बिघडणार आहे ते खरंच एवढं मोठं आहे का, आणि माझ्याजवळचं काही मोजायचं राहून गेलंय का?

हिशेब 'धोका' असा निघाला की मेंदूतल्या अमिग्डला या भागातून इशारा जातो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. नाडी जलद होते, श्वास उथळ होतो, स्नायू आवळले जातात. हे सगळं काही सेकंदांत घडतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक वाढतं, पण त्याची चाल संथ आहे. प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी त्याचं रक्तातलं प्रमाण सर्वाधिक होतं आणि मग ते सावकाश उतरतं.

या वेळापत्रकातून दोन गोष्टी निघतात. पहिली, विचार पटला तरी शरीर त्याच क्षणी शांत होत नाही. 'मला सगळं कळतंय, पण धडधड थांबत नाही, म्हणजे हे काही माझ्यासाठी नाही' असं ठरवून लोक नेमके इथेच सोडून देतात. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा लागतो. दुसरी जास्त महत्त्वाची आहे: शरीर घटनेला जसा प्रतिसाद देतं तसाच ती मनात पुन्हा पुन्हा घोळवण्यालाही देतं. सकाळी एकदा घडलेला प्रसंग दिवसभरात वीस वेळा उगाळला, तर त्यातल्या बऱ्याच वेळा शरीराची थोडीफार तयारी पुन्हा होते. संध्याकाळी येणारा थकवा बऱ्याचदा या उगाळण्याचा असतो.

पहिला विचार निवडता येत नाही

१९६० च्या दशकात अ‍ॅरन बेक या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाला रुग्णांशी बोलताना जाणवलं की ते जे बोलत असतात त्याच्या आड आणखी एक प्रवाह चालू असतो. 'मी कंटाळवाणं बोलतोय', 'यांना माझा वैताग आला असेल', असे तुटक, क्षणभर येऊन जाणारे विचार. बेक यांनी त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं, आणि त्यांच्या कामातून आज बोधनिक वर्तनोपचार म्हणून ओळखली जाणारी पद्धत उभी राहिली. हे विचार तपासून पाहिलेले नसतात. ते सवयीने येतात आणि एवढ्या वेगाने येतात की मतासारखे न वाटता वस्तुस्थितीसारखे वाटतात.

अशा विचाराला दार बंद करून उपयोग होत नाही. १९८७ मध्ये डॅनिएल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि तरीही आलाच तर घंटी वाजवा, असं सांगितलं. घंट्या वाजत राहिल्या. त्यानंतर त्याच लोकांना आता खुशाल विचार करा म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात अस्वल सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आलं. एखादा विचार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं की तो आलाय का, हे मन सतत तपासत राहतं, आणि तपासायचं म्हणजे तो आठवणं आलंच.

तेव्हा 'असला विचार माझ्या मनात यायलाच नको होता' ही अपेक्षा सोडून द्यावी. पहिला विचार येणार. त्याच्या मागून येणारा दुसरा विचार मात्र आपल्या हातात आहे, आणि इथून पुढे जे आहे ते त्या दुसऱ्या विचाराबद्दल.

आधी शरीर, मग वाक्य

ताणाला शून्य ते दहा असे गुण द्या. शून्य म्हणजे पूर्ण निवांत, दहा म्हणजे आजवरचा सर्वात वाईट. गुण सात किंवा जास्त असतील तर स्वतःशी वाद घालायला बसू नका. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना भीतीचा विचार बदलण्याचं तंत्र शिकवलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या काहींचा हात तीन मिनिटं बर्फगार पाण्यात ठेवायला लावला आणि मग तेच तंत्र वापरायला सांगितलं. कोमट पाण्यात हात घातलेल्यांना ते जमलं. गार पाण्याने शरीरावर ताण आलेल्यांना आदल्या दिवशी शिकलेलं असूनही त्याचा उपयोग झाला नाही. विचारांची फेरमांडणी मेंदूच्या पुढच्या भागावर अवलंबून असते आणि तीव्र ताणात नेमका तोच भाग मंदावतो. आपण एरवी इतरांना चांगला सल्ला देतो आणि स्वतःच्या वेळी काही सुचत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

गुण खाली आणायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे श्वास. नाकाने चार आकडे मोजत आत घ्या, सहा आकडे मोजत बाहेर सोडा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. तीन ते पाच मिनिटं पुरे. श्वास सोडताना हृदयाची गती आपसूक थोडी कमी होते, म्हणून सोडणं लांबवायचं. इथे एक चूक फार जण करतात. 'दीर्घ श्वास घ्या' हे ऐकून छाती भरभरून हवा ओढतात. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास नेहमीएवढाच घ्यायचा, फक्त संथ. चार-सहा जड जात असेल तर तीन-चारने सुरुवात करा. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट धास्ती वाढते. त्यांनी हा नाद सोडून दहा मिनिटं भरभर चालून यावं.

गुण पाचच्या आसपास आला की भावनेला नाव द्या. 'कसंतरी होतंय' हे नाव नव्हे. लाज, राग, भीती, अपमान, मत्सर, एकटेपणा, अपराधीपणा, यातलं काय आहे? २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने मेंदूच्या चित्रणातून दाखवलं की चेहऱ्यांवरच्या भावनांना शब्द देताना अमिग्डलाचा प्रतिसाद कमी होतो. नाव अचूक असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे ते पुढची दिशा दाखवतं. भीती असेल तर शक्यता तपासायला हव्यात, लाज असेल तर 'लोक काय म्हणतील' हा भाग तपासायला हवा, आणि राग असेल तर कुणी मर्यादा ओलांडली आहे का ते पाहायला हवं.

वाक्य पकडणं, तोलणं, पुन्हा लिहिणं

आता कागद घ्या. मनातल्या मनात करू नका, निदान पहिले काही आठवडे तरी. डोक्यात विचार जागा बदलत राहतो. एका आक्षेपाला उत्तर द्यावं तोवर तो दुसऱ्या रूपात उभा असतो. कागदावर तो एका जागी थांबतो.

सर्वात वर घटना लिहा, एखाद्या कॅमेऱ्याने टिपली असती तेवढीच. 'अहवालात मोठा घोळ घातला' ही घटना नाही. 'अहवालाच्या तिसऱ्या पानावर ४५ च्या जागी ५४ छापलं गेलं' ही घटना आहे. नुसतं एवढं केलं तरी कधी कधी गुण एकाने उतरतो.

खाली पहिला विचार लिहा, एका वाक्यात. इथे बरेच जण अडतात, कारण मनात वाक्य नसून प्रश्न असतो: 'आता काय होणार?' प्रश्न तपासता येत नाही. त्याचं उत्तर मनाने आधीच गृहीत धरलेलं असतं, ते लिहा. 'माझ्यावरचा विश्वास कायमचा उडेल आणि पुढचं काम मला मिळणार नाही.' याच्यावर या क्षणी किती टक्के विश्वास आहे तो आकडा लिहा. समजा ८५.

मग तोलणं. हा विचार खरा ठरवणारं काय आहे ते आधी लिहा, आणि प्रामाणिकपणे लिहा: आकडा खरंच चुकलाय, अहवाल वरिष्ठांपर्यंत गेलाय, मागच्या महिन्यातही एक दुरुस्ती करावी लागली होती. ही बाजू गाळली तर पुढचं सगळं पोकळ होतं, कारण आपण काहीतरी लपवतोय हे मनाला माहीत असतं. त्यानंतर दुसरी बाजू: त्या आकड्यावरून अजून कोणताही निर्णय झालेला नाही, बाकीची बारा पानं बरोबर आहेत, इतरांच्या अहवालात चुका सापडल्या तेव्हा दुरुस्त प्रत मागवली गेली, त्यापलीकडे काही झालं नाही. अडलात तर एक प्रश्न हमखास उपयोगी पडतो. जिवाभावाच्या मैत्रिणीने हाच प्रसंग सांगितला असता तर तिला काय म्हटलं असतं?

आता दुसरा विचार. त्याला तीन कसोट्या लावा. जे टोचतंय ते सत्य त्यात असायला हवं. तो वाचल्यावर निदान साठ टक्के तरी पटायला हवा. आणि त्याचा शेवट एखाद्या कृतीवर किंवा वेळेवर व्हायला हवा. उदाहरणार्थ: 'आकडा चुकला, आणि दोन महिन्यांत ही दुसरी चूक आहे, त्यामुळे थोडी नाराजी होऊ शकते. दुरुस्त प्रत अजून वेळेत पोहोचू शकते. पंधरा मिनिटांत ती पाठवतो आणि पुढच्या अहवालाआधी आकडे दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतो.' यात कुठेही 'सगळं छान होईल' नाही, आणि म्हणूनच ते टिकतं.

शेवटी मूळ विचारावरचा विश्वास पुन्हा मोजा. ८५ चे ५० झाले तर काम झालं. शून्यावर आणायचा हट्ट धरू नका. तसा हट्ट धरला की माणूस तोच विचार तासभर तपासत बसतो, आणि ते पुन्हा उगाळणंच होतं. दहा मिनिटं झाली की पेन खाली ठेवायचं आणि वाक्याच्या शेवटी जी कृती लिहिली आहे ती करायची. कृती न करता नुसतं वाक्य वाचत राहिलं तर त्याचा असर लवकर ओसरतो.

वाक्य का चालत नाही

सर्वात जास्त फसगत होते ती गोड वाक्यांनी. २००९ मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी लोकांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य स्वतःशी म्हणायला लावलं. ज्यांना मुळात स्वतःबद्दल बरं वाटत होतं त्यांना किंचित फायदा झाला. ज्यांचा आत्मसन्मान कमी होता त्यांना वाक्य म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं. न पटणारं वाक्य म्हटलं की मन लगेच त्याच्या विरुद्धचे पुरावे काढून दाखवतं. आणि ज्यांना अशा वाक्यांची गरज सर्वाधिक तेच त्यांच्याकडे जातात, ही यातली खरी काळजीची बाब आहे. 'मी खंबीर आहे' पटत नसेल तर 'याआधी अशा दोन गोष्टी मी निभावल्या आहेत' हे वापरा. ते लहान आहे, पण खोडून काढता येत नाही.

दुसरं कारण म्हणजे वाक्यातला सूर. मजकूर बरोबर असतो, पण तो दटावून सांगितलेला असतो: 'एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस?' ताणावर स्वतःचीच बोलणी, म्हणजे दुप्पट ताण. यावर एक साधा बदल लागू पडतो. स्वतःशी 'मी' म्हणून न बोलता स्वतःच्या नावाने बोलायचं. 'मी आता काय करू?' ऐवजी 'सुनीता, तुला आत्ता सर्वात आधी काय करायला हवं?' ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगी स्वतःला नावाने संबोधणाऱ्यांना कमी त्रास झाला आणि त्यांची कामगिरीही सरस ठरली. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. मनातल्या मनात बोललं तरी चालतं.

तिसरं, कधी कधी शांत होण्याचं ध्येयच चुकीचं असतं. मुलाखतीला दोन मिनिटं उरली असताना 'शांत हो, शांत हो' म्हणणं म्हणजे धावत्या शरीराला एकदम झोपायला सांगणं. ते ऐकत नाही, आणि ऐकत नाही म्हणून आपण अधिक घाबरतो. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत सादरीकरणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी उत्साहात आहे' म्हणणाऱ्यांनी चांगलं काम केलं. धडधड भीतीतही होते आणि उत्साहातही, त्यामुळे शरीर आहे तसं ठेवून फक्त अर्थ बदलणं सोपं जातं. लगेच काही करून दाखवायचं असेल तिथे 'ही धडधड मला तयार करतेय' हे वाक्य घ्या. वाट बघायची असेल, झोपायचं असेल, किंवा कुणाशी नाजूक विषयावर बोलायचं असेल, तिथे श्वास आणि शांतता.

नेहमीचे साचे

आठ-दहा नोंदी झाल्या की आपले विचार दोन-तीन साच्यांतच फिरताना दिसतात. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं हा एक: निरोप वाचलाय, उत्तर नाही, म्हणजे ती रागावली आहे. यावर औषध म्हणजे उत्तर न येण्याची आणखी चार कारणं लिहून काढणं आणि शक्य असेल तिथे सरळ विचारणं. तिळाचा ताड करणं हा दुसरा: एका डोकेदुखीपासून मन थेट असाध्य आजारापर्यंत पोहोचतं. इथे सर्वात वाईट, सर्वात चांगली आणि सर्वात संभाव्य अशा तिन्ही शक्यता लिहाव्यात. सर्वात वाईट लिहायला घाबरू नका. लिहिली की ती 'काहीतरी भयंकर' राहत नाही, आणि तीच ओढवली तर पहिल्या दिवशी काय करायचं हेही ठरवता येतं. 'सगळं किंवा काहीच नाही' हा तिसरा. त्याला शंभरपैकी किती, असा प्रश्न विचारावा.

चौथा साचा मात्र जास्त खोलवर असतो, आणि आमच्या मते रोजच्या चिडचिडीचं मोठं मूळ त्यातच आहे. जगाने, घरच्यांनी आणि आपण स्वतः कसं वागलंच पाहिजे याच्या मागण्या. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडायला घेतलेल्या आणि मराठीत विवेकनिष्ठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मानसोपचार पद्धतीचा सगळा भर यावर आहे. 'त्याने वेळेवर यावं अशी माझी इच्छा आहे' आणि 'त्याने वेळेवर आलंच पाहिजे' ही दोन वाक्यं घटनेबद्दल सारखंच सांगतात. पण तो उशिरा आला की पहिल्याने नाराजी होते आणि दुसऱ्याने संताप. मागणीची इच्छा करायची म्हणजे उशीर खपवून घ्यायचा असं नाही. नाराज माणूस उलट अधिक ठामपणे बोलू शकतो. संतापलेल्या माणसाचा विषय भरकटतो. मागणी ओळखायची खूण म्हणजे मनात येणारं 'असं कसं करू शकतात!' हे उद्गारवाक्य. ते आलं की खाली लिहा: 'लोक असं करू शकतात, आणि करतात. मला ते नको आहे. त्यासाठी मी आता अमुक करणार.'

काळजीला वेळ ठरवून देणं

काही विचारांना लगेच उत्तर नसतं. तपासणीचा निकाल यायचाय, मुलाची परीक्षा व्हायचीय. अशांसाठी १९८३ मध्ये थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी तपासलेली पद्धत उपयोगी आहे. रोज ३० मिनिटांची एक वेळ आणि एक जागा ठरवा. अंथरूण नको आणि झोपण्याआधीचे दोन तासही नकोत. दिवसभरात काळजी डोकावली की दोन शब्दांत टिपून ठेवा, 'संध्याकाळी सहाला' असं स्वतःला सांगा आणि हातातल्या कामाकडे वळा. सहाला यादी घेऊन बसा. ज्यावर काही करता येईल त्याची पहिली पायरी लिहा, ज्यावर करता येणार नाही ती मनसोक्त काळजी करा. वेळ संपली की उठा.

विचार दाबणं वेगळं आणि पुढे ढकलणं वेगळं. ढकललेल्या विचाराला मनाने वेळ दिलेली असते, म्हणून ते सोडायला तयार होतं. पण ती वेळ पाळली नाही तर चार दिवसांत मनाचा त्यावरचा भरवसा उडतो आणि काळज्या पुन्हा दिवसभर पसरतात. यादी रिकामी असली तरी पाच मिनिटं बसाच.

रात्री अडीचला जाग येऊन विचार सुरू झाले तर तेव्हा तोलणं-मापणं करू नका. त्या वेळी सगळंच जास्त भयाण वाटतं. उशाशी ठेवलेल्या कागदावर दोन शब्द लिहा, घड्याळ बघू नका, संथ श्वास घ्या. अंदाजे वीस मिनिटांत झोप येत नसेल तर उठून मंद उजेडात काहीतरी निरस वाचा आणि डोळे जड झाले की परत या. जागेपणी अंथरुणात तळमळत राहिलं की मेंदू अंथरुणाची सांगड काळजीशी घालायला शिकतो.

जिथे विचार बदलू नये

ही पद्धत चुकीच्या जागी वापरली तर नुकसान करते. अ‍ॅलिसन ट्रॉय यांच्या गटाने २०१३ मध्ये तपासलं तेव्हा ताण आपल्या नियंत्रणाबाहेरचा असताना फेरविचार करण्याचं कौशल्य असलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी दिसली. ताण नियंत्रणातला होता तिथे मात्र हेच कौशल्य जास्त लक्षणांबरोबर दिसलं. जी परिस्थिती बदलता येते तिच्याशी नुसतं जुळवून घेत राहिलं की ती तशीच राहते. म्हणून लिहायला बसण्याआधी विचारा: यातलं काही मी या आठवड्यात बदलू शकते का? रोजचं काम दोन माणसांचं असेल, घरात कुणी हात उगारत असेल, कर्जाचे हप्ते उत्पन्नाबाहेर गेले असतील, तर तिथे शांत विचाराचं काम एवढंच की मदत मागण्याइतकं, नकार देण्याइतकं किंवा बाहेर पडण्याइतकं डोकं थंड राहावं. सोसत राहण्यासाठी तो वापरू नये.

शरीराचाही हिशेब बघा. झोप अपुरी असेल, जेवणाची वेळ टळली असेल, तर आधी ते. चहा-कॉफीतल्या कॅफीनचा निम्मा भाग शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचचा मोठा कप रात्री दहाला अर्धा शिल्लक असतो, आणि त्याने होणारी धडधड मन काळजीच्या खात्यात टाकतं.

सराव

मोठ्या संकटावर सुरुवात करू नका. रांगेतला उशीर, कुणाचं तुसडं उत्तर, हरवलेली किल्ली, अशा तीन-चार गुणांच्या ताणावर रोज एक नोंद, दहा मिनिटं. पहिले काही आठवडे प्रसंग होऊन गेल्यावर लिहिणंच जमतं, आणि तसंच अपेक्षित आहे. पुढे प्रसंग चालू असताना साचा ओळखू येतो. आधीच तयारी करून ठेवायची असेल तर 'जर-तर' वाक्य बनवा. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या या युक्तीत खूण नेमकी लागते. 'ताण आला तर शांत राहीन' याचा उपयोग नाही. 'बैठकीत मला मध्येच तोडलं, तर मी पाय जमिनीवर टेकवून एक श्वास सोडेन आणि 'माझं वाक्य पूर्ण करतो' असं म्हणेन' याचा आहे.

या सगळ्यानेही फरक पडत नाही असं कधी होतं. उदासी किंवा धास्ती दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, झोप आणि भूक बिघडली, कामं अडायला लागली, दारूचा आधार घ्यावासा वाटू लागला, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि मदत घ्या. छातीत नव्याने दुखू लागलं तर ते ताणामुळेच आहे असं स्वतः ठरवू नका, आधी तपासून घ्या. बोधनिक वर्तनोपचाराच्या बहुतेक वेळा आठवड्याला एक अशा १२ ते २० बैठका होतात. जाताना लिहिलेल्या नोंदींची वही सोबत न्या. कोणत्या प्रसंगात कोणता विचार येतो आणि कोणतं वाक्य चालत नाही, हे तिच्यात आधीच लिहिलेलं असतं, आणि पहिल्याच बैठकीत कामाला सुरुवात करता येते.